बर्फाच्या आधी बर्फाखालचा खर्च बघा

प्रति,
मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका
मा. सभापती, नागपूर सुधार प्रन्यास
जिल्हा व विभागीय क्रीडा संकुल समित्यांचे सर्व सदस्य

विषय: नागपुरात आइस हॉकीची रिंक (बर्फाचं बंदिस्त मैदान) बांधायची झाल्यास अंदाजपत्रक कसं तपासावं

महोदय,

भारताच्या महिला आइस हॉकी संघानं २०२५ मध्ये अल ऐनला झालेल्या आशिया चषकात कांस्यपदक मिळवलं. अल ऐन हे अमिरातीतलं वाळवंटी शहर. तिथे बर्फाचं मैदान चालतं, म्हणजे नागपुरात ते टिकेल का हा वाद आता संपायला हरकत नाही. टिकतं. त्यासाठी किती पैसा लागतो आणि तो नेमका कुठे घालायचा, यावर मात्र आपल्याकडे कोणी नीट बोलत नाही. शीतगृहं, औद्योगिक शेड आणि वीजजोडणीची कामं करणारे आम्ही अभियंते हे पत्र त्यासाठी लिहीत आहोत. उद्या असा प्रस्ताव आपल्या टेबलावर आला, तर रंगीत चित्रांच्या आधी कोणती पानं उघडायची ते आम्हाला सांगायचं आहे.

पहिली विनंती: परदेशातल्या व्यावसायिक मैदानांचे आकडे सल्लागारानं समोर ठेवले, तर त्यात काय काय धरलंय ते विचारा. लास वेगासचं टी-मोबाइल अरीना २०१६ मध्ये सुमारे ३७.५ कोटी डॉलरमध्ये उभं राहिलं. डेट्रॉइटचं लिटल सीझर्स अरीना पुढच्याच वर्षी सुमारे ८६ कोटींवर गेलं. सिअॅटलच्या क्लायमेट प्लेज अरीनाला २०२१ पर्यंत सुमारे ११५ कोटी डॉलर लागले. तिघांतही खेळायचा बर्फ तेवढाच, साधारण ६१ मीटर बाय २६ मीटर. मग तिपटीचा फरक आला कुठून? सिअॅटलला १९६२ सालचं, सुमारे २० हजार टनांचं छत वारसा म्हणून जपायचं होतं. ते तात्पुरत्या खांबांवर तोलून धरलं आणि त्याखाली खोल खोदून नवी इमारत बसवली. बाकी ठिकाणी पैसा जातो तो १७ ते १९ हजार खुर्च्या, श्रीमंत प्रेक्षकांचे स्वतंत्र कक्ष, स्वयंपाकघरं, मोठे पडदे, मैफिलींचा जड सरंजाम पेलणारं छत आणि कर्जावरचं व्याज यांवर. बर्फाची फरशी आणि ती गोठवणारी यंत्रं यांचा वाटा या सगळ्यात अगदी लहान असतो. म्हणून तिथला ‘प्रति खुर्ची दर’ उचलून नागपूरच्या खुर्च्यांनी गुणला, तर येणारं उत्तर निरुपयोगी असतं. आणखी एक: ओटावाजवळच्या कनाटामध्ये १९९६ ला मैदान उघडलं, तेव्हा महामार्गावरचा इंटरचेंजसुद्धा मालकांना स्वतःच्या खर्चानं बांधावा लागला होता. जामठ्याच्या स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असला की वर्धा रोडची काय गत होते ते आपण जाणता. रस्ता, पार्किंग आणि उपकेंद्र हे अंदाजपत्रकात नसतील, तर ते नंतर आपल्याच तिजोरीतून जातील.

दुसरी विनंती मोठ्या मैदानाच्या मोहाबद्दल. कॅनडात क्वेबेक शहरानं आणि प्रांतानं मिळून सुमारे ३७ कोटी कॅनेडियन डॉलरचं, १८ हजारांवर खुर्च्यांचं व्हिडिओट्रॉन सेंटर २०१५ मध्ये उघडलं. व्यावसायिक लीगचा संघ येईल या आशेवर ते बांधलं होतं. २०१६ मध्ये नवा संघ मिळाला लास वेगासला, आणि क्वेबेक अजून वाट पाहतंय. अॅरिझोनातल्या ग्लेनडेल शहराचं उदाहरण आपल्याला आणखी जवळचं, कारण तिथला उन्हाळाही भाजून काढणारा. २००३ मध्ये तिथे २२ कोटी डॉलरचं मैदान झालं आणि त्यातला बहुतेक पैसा शहरानं घातला. २००९ मध्ये संघ दिवाळखोरीत गेला. तो शहर सोडून जाऊ नये म्हणून पालिकेनं लीगला वर्षाला अडीच कोटी डॉलर मोजले, तेही लागोपाठ दोन हंगाम. २०२२ मध्ये संघ तिथून बाहेर पडून विद्यापीठाच्या सुमारे ५ हजार खुर्च्यांच्या रिंकमध्ये गेला आणि २०२४ मध्ये तर राज्यच सोडून गेला. जिथे हा खेळ मुरलेला आहे तिथली ही गोष्ट आहे.

आपल्या देशातला धडा देहरादूनचा. २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी तिथे सुमारे ८० कोटी रुपयांची बंदिस्त रिंक बांधली गेली. स्पर्धा झाल्या, आणि मग विजेचा आणि देखभालीचा खर्च न झेपल्यानं ती वर्षानुवर्षं बंद पडून राहिली. २०२५ मध्ये ती पुन्हा सुरू झाली, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण एका पिढीची मुलं त्या बर्फावर पाय न ठेवता मोठी झाली.

म्हणून नागपूरसाठी आमचं मत स्पष्ट आहे: ६० मीटर बाय २६ मीटरची एकच रिंक, ८०० ते १००० प्रेक्षकांची बसायची सोय आणि बारा महिने सराव. आंतरराष्ट्रीय नियमांत ही रुंदी बसते. ३० मीटर रुंदी घेतली तर २४० चौरस मीटर बर्फ जास्त गोठवावा लागतो, तोही दररोज. खाली दिलेली सगळी परिमाणं ६० बाय २६ साठी, म्हणजे १,५६० चौरस मीटरसाठी आहेत. दर आम्ही लिहिलेले नाहीत, कारण ते शासनाच्या चालू दरसूचीतून आणि निर्मात्यांच्या ताज्या कोटेशनांतूनच यायला हवेत.

आता जमीन. शहराच्या मोठ्या भागात काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. घराच्या भिंतीला यामुळे तडा गेला तर तो बुजवता येतो. रिंकच्या स्लॅबमध्ये मात्र हाताच्या पंजाएवढ्या अंतरावर पाइप असतात, तिथे तडा म्हणजे ब्राइनची, म्हणजे बर्फ गोठवणाऱ्या थंड खाऱ्या पाण्याची गळती. त्यामुळे काळी माती पूर्ण काढून मुरूम भरणं, तो २०० मिमीच्या थरांत पाणी मारून रोलरनं दाबणं आणि प्रत्येक थराची घनता तपासणं याला पर्याय नाही. दीड मीटर खोल गेलो तरी नुसत्या रिंकखालून २,३०० घनमीटरहून अधिक माती निघते. सुटी झाल्यावर ती फुगते, तेव्हा अडीचशे ते तीनशे हायवा धरा आणि तेवढाच मुरूम आणा. ‘जागा सपाट आहे, खोदकाम नाममात्र’ असं अंदाजपत्रकात लिहिलेलं दिसलं, तर ते तिथेच परत पाठवा.

मुरुमावर वाळूचा थर येतो आणि त्यात गरम ग्लायकॉलचे (न गोठणाऱ्या द्रवाचे) पाइप असतात. बर्फाखाली गरम पाइप कशाला, असा प्रश्न हिशेब तपासणारे विचारतात आणि खर्चकपातीत हीच बाब पहिल्यांदा उडते. कारण असं आहे: बर्फ वर्षानुवर्षं राहिला की थंडी खाली झिरपत जाते. जमिनीतलं पाणी गोठलं की ते फुगतं आणि स्लॅब मधोमध वर उचलला जातो. आपली जमीन उष्ण आहे म्हणून इथे हे होणार नाही, असं कोणी सांगेल. इन्सुलेशन कोरडं आणि पूर्ण जाडीचं असेल तर बरीच वर्षं होणारही नाही. पण त्यात पाणी शिरलं की ते इन्सुलेशन राहत नाही, आणि काळ्या मातीच्या प्रदेशात पाणी कुठून येईल याचा भरवसा नसतो. या पाइपांना लागणारी उष्णता कंडेन्सरमधून, म्हणजे शीतयंत्राची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागातून, फुकट मिळते. ते नंतर बसवायचे झाले, तर सगळा स्लॅब फोडावा लागतो.

वाळूवर ओलावा अडवणारा जाड पडदा, त्यावर १०० मिमी एक्सपीएस, म्हणजे पाणी न धरणाऱ्या घट्ट फोमचं इन्सुलेशन. ५० मिमीचे दोन थर, खालच्या थराचे सांधे वरच्यानं झाकले जातील असे. साधा थर्माकोल चालणार नाही. तो पाणी धरतो आणि बर्फ घासणाऱ्या यंत्राच्या वजनाखाली बसतो. त्यावर सरकता यावं म्हणून प्लास्टिकचे दोन पदर, मग सळया, पाइप आणि १५० मिमी काँक्रीट. स्लॅब थंड झाला की आकसतो. त्याला सरकायला जागा नसेल तर तो स्वतःलाच फाडतो.

पाइप साधारण एक इंची एचडीपीई प्लास्टिकचे, १०० मिमी अंतरावर. लांबी साडेपंधरा किलोमीटरच्या वर जाते. निविदेत एक वाक्य हवंच: स्लॅबच्या आत एकही जोड चालणार नाही. पाइप रिंकच्या एका टोकाच्या हेडर खंदकातून (जिथे मुख्य पाइप असतो तिथून) निघून ६० मीटर जातो, वळतो आणि परत येतो. म्हणजे १२० मीटरहून लांब अखंड गुंडाळी लागते आणि ती कारखान्यातून तशी मागवावी लागते. बाजारात मिळणाऱ्या लहान गुंडाळ्या जोडून काम उरकलं, तर पुढची गळती स्लॅबच्या पोटात होते. काँक्रीट ओतताना सगळ्या पाइपांत हवेचा दाब भरलेला असावा आणि गेजजवळ एक माणूस उभा असावा. कोणाच्या फावड्यानं किंवा तारेच्या टोकानं पाइप फुटला, तर काटा त्याच क्षणी पडतो आणि ओलं काँक्रीट बाजूला करून दुरुस्ती होते. दाब न भरता ओतलं, तर हीच फूट पहिल्यांदा बर्फ करताना कळते.

हा स्लॅब एका दमात ओतायचा असतो. २३४ घनमीटर काँक्रीट म्हणजे ६ घनमीटरच्या ट्रान्झिट मिक्सरच्या सुमारे ४० खेपा. मध्ये प्लांट बंद पडला आणि सांधा पडला तर तिथून तडा जातो, म्हणून दुसरा प्लांट तयारीत ठेवायची अट घाला. एप्रिल-मेमध्ये हे काम करूच नका. डिसेंबर-जानेवारीची रात्र निवडा. मार्चअखेर बिल निघावं म्हणून भर उन्हात ओतलेला स्लॅब पृष्ठभागावर लगेच चिरतो. पातळी लेझरनं, काही मिलीमीटरच्या आत. एखादा कोपरा १५ मिमी खाली गेला, तर तिथे ३० मिमीऐवजी ४५ मिमी बर्फ बसतो. जाड बर्फ वरून मऊ राहतो. तो कडक करायला ब्राइन आणखी थंड करावं लागतं, आणि ब्राइन एक अंश खाली नेलं की कंप्रेसरची वीज साधारण २ ते ३ टक्क्यांनी वाढते. दहा मिनिटांच्या निष्काळजीपणाची किंमत अशी वीस वर्षं मोजावी लागते. काँक्रीट किमान २८ दिवस पाण्याखाली मुरू द्या. त्यानंतर तापमान सावकाश, दोन-तीन दिवसांत खाली आणा. उद्घाटनाची तारीख जवळ आली म्हणून एका रात्रीत गोठवू नका.

नागपूरची खरी परीक्षा मे महिन्यात होत नाही, जुलै-ऑगस्टमध्ये होते. मेची उष्णता कोरडी असते. चांगले पफ पॅनेल (फोम भरलेल्या भिंतींचे पत्रे) आणि घट्ट दारं असली की ती बाहेर राहते. पावसाळ्यातली हवा मात्र पाणी घेऊन येते. हिशेब असा: आत १२ अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता ठेवायची. बाहेरच्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला तिच्यातली वाफ पाणी होऊ लागते तो, २४ अंशांच्या आसपास. १,००० प्रेक्षकांना माणशी सेकंदाला ८ लिटर ताजी हवा दिली, तर त्या हवेसोबत तासाला सुमारे ४५० लिटर पाणी वाफेच्या रूपात आत येतं. माणसांचा श्वास आणि घाम वेगळा. हे पाणी काढलं नाही, तर आधी बर्फावर धुकं धरतं आणि खेळातली चकती (पक) दिसत नाही. मग थंड पडलेल्या छताला पाझर सुटतो आणि थेंब बर्फावर पडून जागोजागी टेंगळं उठतात. त्यानंतर लोखंडी कैच्या गंजतात. साध्या एसीनं हे काम होत नाही, कारण इतक्या कमी दवबिंदूला त्याची कॉइल स्वतःच गोठते. सिलिका जेलच्या फिरत्या चाकाचे डेसिकंट डीह्युमिडिफायर लागतात. अंदाजपत्रकात ‘वातानुकूलन, एकरकमी’ अशी एकच ओळ असेल, तर समजा की पावसाळ्याचा विचार झालेला नाही. ताजी हवा गर्दीनुसार कमी-जास्त करणारे कार्बन डायऑक्साइड सेन्सरही त्याच निविदेत हवेत. सरावाला तीस मुलं असताना हजार माणसांची हवा आत ओढायचं कारण नाही.

याला जोडून एक धोका. थंड देशाचं ड्रॉइंग जसंच्या तसं आणलं, तर भिंतीतला वाफ अडवणारा पडदा आतल्या बाजूला दाखवलेला असतो, कारण तिकडे वाफ आतून बाहेर जाते. आपल्याकडे ती बाहेरून आत येते. पडदा बाहेरच्या बाजूलाच हवा, नाहीतर इन्सुलेशन दोन-तीन पावसाळ्यांत ओलंचिंब होतं. कळमन्याच्या बाजूला शीतगृहं बांधणारे मिस्त्री हे बरोबर जाणतात, त्यांना विचारा.

छताच्या आतल्या बाजूला चकचकीत अॅल्युमिनियमचा पडदा लावा. बर्फावर पडणाऱ्या एकूण उष्णतेत छताकडून येणाऱ्या किरणांचा वाटा फार मोठा असतो. साध्या रंगवलेल्या पत्र्याच्या तुलनेत असा पडदा त्यातला बहुतांश भाग अडवतो. खर्चाच्या मानानं एवढा फायदा देणारी दुसरी बाब या इमारतीत नाही. वाऱ्यासाठी मात्र कसर करू नका. भारतीय मानकात नागपूरचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आहे, आणि ४० मीटरहून रुंद, खांब नसलेलं हलकं छत वादळात वरच्या दिशेनं खेचलं जातं.

यंत्रखोली. युरोपात अशा एका रिंकला ३०० ते ३५० किलोवॅट शीतन क्षमता पुरते. नागपुरात ५०० च्या खाली जाऊ नका आणि ती तीन कंप्रेसरांत वाटा, म्हणजे एक दुरुस्तीला गेला तरी बर्फ राहील. वायू कोणता, यावर आम्ही अमोनियाच्या बाजूनं आहोत. आर-२२ हा शीतकरणाचा जुना वायू भारतात २०३० पर्यंत हद्दपार होतो आहे. त्याच्या जागी आलेल्या एचएफसी वायूंवर २०२१ मध्ये आपण मान्य केलेल्या किगाली दुरुस्ती या आंतरराष्ट्रीय करारामुळे टप्प्याटप्प्यानं बंधनं येणार आहेत. कार्बन डायऑक्साइडची यंत्रणा थंड देशांत उत्तम चालते, पण ३१ अंशांच्या वर तो वायू द्रवरूप होतच नाही. आपल्या ४५ अंशांत त्याची कार्यक्षमता कोसळते. अमोनिया स्वस्त, कार्यक्षम आणि आपल्या शीतगृहांतल्या कामगारांच्या हातातला. तो विषारी आहे हे मात्र क्षणभरही विसरू नये. कॅनडातल्या फर्नी गावाच्या रिंकमध्ये १७ ऑक्टोबर २०१७ ला गळतीत तिघांचा जीव गेला. जुन्या चिलरची (अमोनियानं ब्राइन थंड करणाऱ्या यंत्राची) नळी झिजून अमोनिया ब्राइनमध्ये शिरला होता. गळती आधी लक्षात आली होती, तरी चिलर पुन्हा चालू करण्यात आला. म्हणून अमोनिया फक्त यंत्रखोलीत, स्लॅबमध्ये फक्त ब्राइन. यंत्रखोलीला बाहेरूनच दार, वायू कळताच आपोआप सुरू होणारे पंखे आणि ब्राइनमध्ये अमोनिया आला का याची नियमित तपासणी. चिलर बदलायचं वर्ष करारातच लिहिलेलं असावं.

उष्णता बाहेर टाकायला पाण्यावर चालणारा कंडेन्सर घ्या. कोरड्या मेमध्ये तो सर्वांत चांगला चालतो. पूर्ण भारावर तो रोज २५ ते ३५ हजार लिटर पाणी खातो. त्यासाठी पिण्याचं पाणी देऊ नका. भांडेवाडीचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी वीज केंद्रांना जातं, तसं ते आणखी शुद्ध करून इथे वापरता येईल. रिंकवरून खरवडलेला बर्फ वितळवून मिळणारं पाणीही त्याच टाकीत सोडा. बर्फासाठी मात्र आरओचं पाणी लागेल. बोअरच्या जड पाण्याचा बर्फ ढगाळ आणि ठिसूळ होतो. पहिल्या भरणीला सुमारे ४७ हजार लिटर, तेही फवाऱ्यानं, कागदासारख्या पातळ थरांत.

वीजबिलाचा हिशेब कोणालाही करता येतो. वर्षभर सरासरी १०० किलोवॅट भार म्हणजे ८.७६ लाख युनिट. युनिटला १० रुपये धरले तर ८७.६ लाख रुपये. नागपुरात सगळं मिळून २५० किलोवॅटच्या खालची सरासरी कोणी दाखवली, तर आम्ही ती मान्य करणार नाही. म्हणजे वर्षाला सुमारे २ कोटी १९ लाख. छतावर ३५० किलोवॅटचे सौर पॅनेल बसले, तर त्यातले पाचेक लाख युनिट, म्हणजे जेमतेम पाव हिस्सा निघेल. ‘सौरऊर्जेवर चालणारी रिंक’ असा मथळा कोणी दिला, तर उरलेला पाऊण हिस्सा विचारा. बर्फ गुळगुळीत करणाऱ्या यंत्राची प्रत्येक फेरीही मोजा: ६० अंशांचं ५०० लिटर पाणी पसरलं की ते गोठवायला ८० हून अधिक किलोवॅट-तास उष्णता काढावी लागते. दिवसाला आठ फेऱ्या की दहा, यावर बिल हलतं. हे यंत्र बॅटरीवरचंच घ्या. इंधनावरचं घेतलं तर बंद हॉलमध्ये कार्बन मोनॉक्साइड साचतो.

कडेचे बोर्ड १.०७ मीटर उंच, त्यावर काच, गोलच्या मागे २.४ मीटर आणि बाजूला १.८ मीटर. गोलमागच्या प्रेक्षकांसमोर जाळी हवीच. २००२ मध्ये अमेरिकेत चकती लागून एका मुलीचा मृत्यू झाला, तेव्हा व्यावसायिक लीगनं ती सक्तीची केली. एवढं सोडलं तर खुर्च्या, रंग आणि दर्शनी भाग यांत हवी तेवढी काटकसर करा, आमची ना नाही.

आमच्या मागण्या मोजक्या आहेत. बांधकामाची निविदा आणि दहा वर्षांचं संचालन एकाच करारात द्या, म्हणजे इन्सुलेशन वाचवणाऱ्यालाच पुढचं बिल भरावं लागेल. निविदांची तुलना बांधकाम अधिक वीस वर्षांची वीज, पाणी आणि देखभाल या बेरजेवर करा. संचालनाची पहिल्या पाच वर्षांची रक्कम वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय कार्यादेश देऊ नका. जागा मानकापूरची असो वा शहराबाहेरची, मातीची बोअर तपासणी मेमध्ये एकदा आणि सप्टेंबरमध्ये एकदा करा. दोन्ही अहवाल अंदाजपत्रकासोबत तीस दिवस संकेतस्थळावर ठेवा. ड्रॉइंग आणि परिमाणं तपासायला आम्ही विनामूल्य बसू, तारीख कळवा.

आपले,
शीतकरण, स्थापत्य आणि विद्युत क्षेत्रातले काही अभियंते
नागपूर